सरदारबीचा तळहात

भवानी पेठेत बोलवा आहे की सरदारबीला जिन वश आहे. बंद मिक्सरवर ती तळहात ठेवते नि मिक्सर आपलं दुखणं सांगतो. यातलं जिनाचं तेवढं खोटं. टॉवेलच्या कारखान्यात तीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढल्यावर तिचे कान गेले, ओरडल्याशिवाय ऐकू येईना, नि कुठला माग कुठं अडलाय ते ती हातानं ऐकायला शिकली.

शेजारच्या पूनमला हे सगळं थोतांड वाटायचं. परवा तिची आई चिमाबाई बारशाला होटगीला गेली, खानावळ पहिल्यांदाच एकट्या पूनमच्या हातात आली, आणि नेमकं मायक्रोवेव्हमधलं काचेचं ताट फिरेना. दिवा लागतोय, घरघर होतीय, ताट मात्र ढिम्म. पहिलंच गिऱ्हाईक भीमाशंकर करवादला, "ह्या घासाला जीभ भाजती, त्या घासाला दात शिवशिवत्यात! एक वाजता आमी बारा जण येतोय. आमटी अशीच आसंल तर समोरच्या खानावळीत जातो की!"

मायक्रोवेव्हच्या दुकानदारानं फोनवरच निकाल दिला, "मोटर गेली. आठ दिवस लागतील."

साडेबाराला पूनमनं नाइलाजानं सरदारबीला आणलं. "खाला, मोटर गेलीया!"

"कौन बोल्या?"

"दुकानदार!"

"उने हात लगाया क्या?"

"लावा पैज! मोटरच हाय!"

"हौ, लगा. हारी तो महिनाभर मेरेकू खाला नक्को, उस्ताद बोलना."

सरदारबीनं ताट काढलं, ताटाखालचं चाकांचं कडं काढलं. आत कडेला पाण्याचा कप ठेवून बटण दाबलं, बाहेरून तळहात टेकला, डोळे मिटले. आत मधोमध ताट फिरवणारा प्लास्टिकचा खुंट संथ फिरत होता.

"मोटर जिती है."

मग प्लग काढून तिनं कड्याची चाकं बोटानं ढकलली. तीनातली दोन गच्च. सुईच्या टोकानं तिनं त्यांच्यातनं गुलाबी धागा ओढला. निघतोय निघतोय, संपेचना!

"टॉवेल से पोंछती ना अंदर से?"

"व्हय!"

सरदारबीनं धागा चिमटीत चोळला. "वीस नंबर का सूत, दो पदरी. ये मालिक ढिल्ला बुनताय. बोलना पडेंगा उसकू."

पूनमचं तोंड उघडं ते उघडंच. चिमूटभर धाग्यावरनं या बाईनं अख्खा कारखाना ओळखला!

कडं बसलं, ताट बसलं, बटण दाबलं. ताट असं डौलात फिरलं की पूनमला हात जोडावेसे वाटले. एक वाजता बारा जण जेवले. भीमाशंकरनं दोनदा आमटी मागितली, तक्रार एकदाही नाही.

हात धुऊन सरदारबी दारात थांबली. पूनमनं पुटपुटून बघितलं. सरदारबीनं कान पुढं केला. मग तिनं सगळा दम लावला, आणि जेवून बाहेर पडलेले बाराही जण वळून बघायला लागले.

"उस्ताद!"