सीताकाकूंचे ‘हे’

गणिताचा मास्तर आणि कधीच न ओरडणारा, असा प्राणी मी जन्मात एकच पाहिला. बिंदुमाधव शेंड्ये. काशीत दुर्गाघाटाच्या गल्लीत आमच्या समोर राहतात. मी बँकेच्या बदलीने इथे आलो तेव्हा ते शाळेतून निवृत्त होऊन दुसऱ्या नोकरीला लागलेले होते. नोकरी बिनपगारी. महाराष्ट्रातून आलेल्या यात्रेकरूंपैकी कुणी घाटावर हरवलं की शोधून द्यायचं.

शोधण्यापेक्षा त्यांची खरी कला पुढची. हरवलेलं माणूस सापडल्याचा आनंद आपल्याकडे धपाटा घालून साजरा करतात. “कुठे उलथली होतीस?” हे त्यातलं सगळ्यांत प्रेमळ वाक्य. शेंड्येकाका मध्ये पडायचे. “आधी बसू द्या त्यांना. हरवलेलं माणूस तुमच्यापेक्षा जास्त घाबरलेलं असतं हो.” मग आजीबाईंच्या हातात चहाचा मातीचा पुरवा देऊन विचारायचे, “दमलात का?” एवढंच. उगारलेला हात आपोआप डोकं खाजवायला जायचा.

या माणसाने माझ्या संसारात फार अडचण केली. मुलीवर ओरडायला मी तोंड उघडलं की बायको नुसती समोरच्या खिडकीकडे बघायची. आदर्श भिंतीवर चौकटीत असलेला बरा. समोर राहायला आला की जाच होतो.

गेल्या काही वर्षांत सीताकाकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, विसर पडू लागला. आज वार कोणता, हे त्या दिवसभर विचारायच्या आणि काका दर वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखं उत्तर द्यायचे. बाहेर जाताना मात्र दाराला बाहेरून कडी घालून जायचे.

माघात कुंभाची गर्दी प्रयागहून काशीवर उलटली. गल्लीत वळायलाही जागा नव्हती. त्या दुपारी परभणीकडच्या एक आजी हरवल्या म्हणून काकांना बोलावणं आलं. आजी सापडल्या, चहा झाला, धपाटा टळला. काका परतले तर दार सताड उघडं. घाईत कडी घालायची राहून गेली होती.

“उल्हास,” ते माझ्या दारात येऊन म्हणाले, “ही आत नाही.”

रामघाटाजवळ हरवलेल्यांची नावं पुकारायचा मांडव होता. तिथला माइकवाला काकांना बघून खूश झाला. “आइए मास्टर साहब! आज किसकी अम्मा गुमा दी महाराष्ट्रवालों ने?”

काका मांडवाचा खांब धरून उभे राहिले. मीच सांगितलं. माइकवाला उठून उभा राहिला. मग हळूच म्हणाला, “साड़ी का रंग, मास्टर साहब?”

याच प्रश्नावर काका भल्याभल्या नवऱ्यांची फिरकी घ्यायचे. आता ते माझ्याकडे बघत होते. “सकाळी मीच नेसवली रे. मीच नेसवली,” ते म्हणाले. रंग काही आठवेना.

सीता हे नाव पुकारल्यावर भलत्याच दोन सीता मांडवात आल्या. काका दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत राहिले, जणू जवळून पाहिलं तर एखादी त्यांची निघेल.

नंतर आम्ही नुसते ढकलले गेलो. काका प्रत्येक म्हाताऱ्या बाईच्या पुढे जाऊन वळून बघायचे, माफी मागायचे, पुन्हा पुढे. मग त्यांनी माणसांकडे बघणं सोडलं आणि नदीकडे बघायला लागले. पाण्यावर काही कापड तरंगताना दिसलं की माझा दंड घट्ट धरायचे. मी म्हणालो, “काका, तिकडे बघू नका.” त्यांना ऐकू आलं नसावं.

ऊन उतरताना शिंदे घाटावर काकू दिसल्या. शेवटच्या पायरीवर, पाय पाण्यात. शेजारी एक नाववाला बसला होता. “कब से पूछ रहे हैं, माताजी किसकी हो,” तो मला म्हणाला. “शरमा के कहती हैं, उनका नाम नहीं लेते!”

तेवढ्यात काका पोचले. त्यांनी काकूंचे खांदे धरून गदागदा हलवलं. “अक्कल आहे का तुला? मेली असतीस म्हणजे? मेली असतीस तर!” घाट वळून बघायला लागला. नाववाल्याने त्यांचा हात धरला.

काकू त्याच्याआड सरकल्या. म्हणाल्या, “ओरडू नका हो. आमचे हे येतीलच आता. ते नाही कुणावर ओरडत.”

“सीता, अगं मीच.”

“हात नका लावू.”

काका खाली बसले. “दमलीस का?” त्यांनी विचारलं. पण आवाज पार चिरकला होता. काकूंनी वळूनही पाहिलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी मला न्याहाळलं. “तुम्ही आमच्या समोरचे ना? बँकेतले? मला घरी सोडाल?”

त्या माझा हात धरून चालल्या. काका मागून, अंतर ठेवून, चोरासारखे. काकूंनी मान वळवली की ते कुठल्यातरी दुकानाच्या फळीआड व्हायचे.

घरी पोचल्यावर काकू आत गेल्या. काका स्वतःच्या घराच्या पायरीशी थांबले.

“उल्हास, मी आत आलो तर चालेल का, एवढं विचार तिला.”

मी विचारलं. काकूंनी दाराआडून बाहेर पाहिलं.

“हे घरात नाहीत,” त्या म्हणाल्या. “ते आले की मग या.” आणि आतून कडी घातली.

“बरोबर आहे तिचं,” काका म्हणाले आणि पायरीवर बसले.