खरबुजानेही दिलेलं उत्तर

गुडगावात तेव्हा मोहरीच्या शेतांत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. त्यातल्याच एकीत माझी नोकरी. रुग्णाच्या डोक्यावर चुंबकाचा झटका देतात आणि मेंदू काय उत्तर देतो ते तारा लावून नोंदवतात. पण त्या झटक्याचाच एवढा गोंगाट नोंदीत घुसतो, की मेंदूचं इवलंसं उत्तर त्याखाली गडप होतं. तो गोंगाट पुसायचा, हे माझं काम. परदेशातल्या रुग्णांच्या नोंदी यायच्या, मी भराभर पुसायचे.

मग बाबांची पाळी आली. फौजेतून निवृत्त झालेला धडधाकट माणूस हायवेवर स्कूटरवरून पडला, तो जागाच होईना. दिल्लीच्या डॉक्टरांनी ही तपासणी करायचं ठरवलं. मेंदूने उत्तर दिलं तर इलाज चालू ठेवू, नाहीतर घरी न्या, म्हणाले.

तपासणीच्या वेळी आई माझ्याशेजारी उभी होती. झटका बसला आणि पडद्यावर हा एवढा सुळका उठला. आईने माझा दंड गच्च धरला. "बघ! कळलं ह्यांना! बिल्कुल कळलं!"

"आई, ते मशीनचं आहे गं."

"डोंबल मशीनचं! डोकं ह्यांचंच आहे ना?"

मला काही समजावता येईना. शेवटी तिथल्या तंत्रज्ञाने, बिचाऱ्याने चांगल्या मनानेच, मशीन तपासायला ठेवलेलं खरबूज आणलं. त्याला तारा चिकटवल्या, झटका दिला. तस्साच सुळका! आईचा चेहरा खर्रकन उतरला. मला त्या माणसाचा असा संताप आला म्हणून सांगू! खरं तर त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

बाबांची नोंदही पुसायला माझ्याकडेच आली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात ती उघडली. जरा कमी पुसलं की एक लाट दिसायची. जीव हरखायचा. नीट पाहिलं की ती झटक्याचीच शेपटी निघायची. ती पुसली की खाली सपाट रेघ. सगळ्या रीती वापरून झाल्या. इतकी वर्षं हेच काम करून मला माझ्या बापासाठी एक लाट सापडेना.

संध्याकाळी आई दारातच उभी होती.

"केलंस साफ?"

"हो."

"खाली काही होतं ह्यांचं?"

मी नाही अशी मान हलवली.

ती चपलांच्या कपाटाला टेकली. मग हळूच म्हणाली, "अगं, मग तो सुळका तरी असू दे ना. मशीनचा तर मशीनचा."

साफ केलेली नोंद मी दुपारीच डॉक्टरांना पाठवली होती.