चर्चच्या पायरीवरची चूल

फाळणीनंतरच्या दुसऱ्या दिवाळीत, ऐन संध्याकाळी, पुढे उल्हासनगर झालेल्या कँपातल्या एका सिंधी बाईला तिच्याच चुलीवरून उठवलं गेलं. तिचं बिऱ्हाड लष्कराने सोडलेल्या जुन्या चर्चमध्ये होतं, चूल पायरीवर.

मुंबईचा एक चित्रकार उन्हं कलली की यायचा, एक डोळा मिटून कुंचल्याने चर्च मोजायचा. त्या दिवशी सोबत कँपाचा शिपाई होता.

चित्रकार म्हणाला, "बाई, आत जा. धूर राहू दे, छान दिसतोय."

"साईं, फिर रोटी कौन सेंकेगा? धुआँ?" म्हणत ती उठली.

रोट्या करपल्या. धूर वाढला, तसा चित्रकार खूश झाला. घरात पीठ तेवढंच होतं.

शेजारच्या बराकीतून येऊन मी चित्रकाराला जाब विचारला, तर म्हणाला, "माणसं आली की चर्च जुनं वाटत नाही."

ते चित्र विकत घेणार असाल, तर आधी त्याला पायरीवर ती बाई रंगवायला लावा.