कणगीतलं बी आणि कापसाचा बर्फ

तुम्ही बर्फ पाहिला आहे का? मासळी मुंबईला पाठवताना टोपलीत घालतात तो भुशातला तुकडा नव्हे. आभाळातून पडलेला, छपरावर साचलेला बर्फ? नसेल पाहिला. मीही नाही. आमच्या चौक गावात थंडी म्हणजे पहाटेचा बोचरा वारा, फुटलेले ओठ आणि त्यांवर चोळलेलं खोबरेल. ऊन चढलं की तीही पळून जाते. तरीही युद्धाच्या दिवसांत एका नाताळाला आमच्या गावात बर्फ पडला. तो कुणी पाडला आणि त्यापायी काय गेलं, ते मी लिहून ठेवते आहे, कारण आठवलं की आजही माझं डोकं तापतं.

नाताळाला महिनाभर अवकाश होता. रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर एक पुस्तिका वाटली गेली. मुलाबाळांच्या कुटुंबांसाठी हिवाळ्यातली कलाकुसर आणि पाककृती, असं तिच्यावर छापलेलं होतं. वाटणाऱ्या बाई मूळच्या इथल्याच, पण लग्न होऊन वांद्र्याला गेलेल्या. त्यांनी हातमोजे घातले होते. आमच्या हातांना हात लागू नये म्हणून की थंडीसाठी, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. घाम मात्र त्यांच्या कपाळावर स्पष्ट दिसत होता.

मी पत्रकांवर वाढले. माझे बाबा मुंबईच्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि शनिवारी घरी येताना शाई फिसकटलेले, टाकाऊ कागद आणायचे. गिरणीच्या संपाची पत्रकं, परदेशी कापडावर बहिष्काराची पत्रकं, सावकारीविरुद्धची पत्रकं. त्यांवरच मी अक्षरं गिरवली. त्यामुळे फुकट वाटलेल्या कागदाबद्दल मला आदर होता. असा कागद हातात ठेवणारा माणूस काहीतरी तातडीचं सांगायला आलेला असतो, असं मी धरून चालले होते. या पुस्तिकेनं ती समजूत मोडली.

पहिल्याच पानावर केक होता. लोणी, डझनभर अंडी, पांढरीशुभ्र साखर आणि ब्रँडीत भिजवलेल्या मनुका. त्या वर्षी भाईंदरच्या राशनच्या दुकानात कण्या मिळत होत्या, त्याही खड्यांसकट. साखर कधी आली आणि कधी संपली, हे रांगेतल्या शेवटच्या माणसांना कळायचंही नाही. पुढच्या पानावर बाळासाठी लोकरीची टोपी. त्यापुढे बाळ येशूचा गोठा कसा सजवावा, ते दिलेलं होतं. गोठ्याच्या छपरावर आणि डोंगरांवर कापूस पिंजून बर्फाचा देखावा करावा. भोवती हिरवं शेत दिसावं म्हणून परातीत मूठभर तांदूळ पेरावा. आणि तळाशी ठळक अक्षरांत: सर्वांत सुंदर गोठ्याला बिस्किटांचा विलायती डबा बक्षीस.

त्या संध्याकाळी विहिरीवर हसून हसून बायकांचे हात दोरावरून सुटत होते.

"तांदूळ पेरा म्हणं!" आमची शेजारीण, जिला आम्ही काकी म्हणायचो, ती म्हणाली. "मंग पीठ पेरलं तं भाकऱ्या उगवतील का गो?"

"तू सुके बोंबील पेर," माझी आई म्हणाली. "पावसाळ्यापर्यंत ताजे येतील."

कांडलेल्या तांदळाला मोड येत नाही हे आमच्याकडे दुधपित्या पोरालाही ठाऊक. उगवायचं तर टरफलासकटचं भात हवं. हे सगळ्यांना माहीत होतं, सगळ्या हसल्या, आणि हसून झाल्यावर त्याच सगळ्या घरी जाऊन कणग्यांपुढे उभ्या राहिल्या. त्या बाईंचा मला राग आला होता. आमच्या लोकांची मला किळस आली.

कारण कणगीत होतं ते बी. आमची खाचरं खाडीलगत. भरतीचं पाणी बांधातून झिरपतं आणि उन्हाळ्यात मातीवर मिठाची साय धरते. तिथे दुकानातलं कुठलंच भात येत नाही. येतं ते एकच, लाल, जाड, लांब कुसळाचं, आजोबा-पणजोबांपासून दर वर्षी राखून ठेवलेलं. बांबूच्या कणगीत भरून तिचं तोंड शेणामातीनं लिंपायचं ते पाऊस तोंडावर आल्याशिवाय उघडायचं नाही. आदल्या वर्षी घरात दाणा नव्हता तेव्हा आम्ही नाचणीची पातळ पेज पिऊन दिवस काढले, पण त्या लिंपणाला कुणी नख लावलं नाही. भुकेपुढे जे फुटलं नाही ते बिस्किटांच्या डब्यासाठी फुटलं.

पूर्वी गोठ्यापुढे शेत करायचं म्हणजे एका बशीत चिमूटभर दाणे टाकायचे. त्यात कुणाचं काही जात नव्हतं. आता बक्षीस होतं, परीक्षण होतं, आणि कुणाचं शेत किती मोठं, हे साऱ्या गावासमोर दिसणार होतं. आईनं कणगी फोडली आणि सूपभर बी काढलं; त्या वर्षी कणगीत होतंच जेमतेम खाचराला पुरेल इतकं.

"आय, बी हाय ते," मी म्हणाले.

"माला ठावं हाय. मीच भरलंय."

"डब्यासाठी?"

"डबा गेला खड्ड्यात. तुझ्या भावानं वरीसभर पेज पिलीय. एक दिस तरी त्याला वाटू दे, आपल्या घरात बी कायतरी मोठं हाय."

"त्याला वाटायला मूठभर पुरे."

आईनं परात पुढे ओढली. मग खाली बघत म्हणाली, "काकीनं दोन पराती पेरल्यात."

हे होतं खरं कारण. मी तिला बाबांच्या पत्रकांतली भाषा ऐकवली. श्रीमंतांनी टाकलेल्या तुकड्यासाठी गरीब एकमेकांच्या उरावर बसतात, वगैरे. ती ऐकत होती आणि परातीत ओली माती थापत होती.

"झालं बोलून?" तिनं विचारलं. "मंग पाणी घाल."

मी पाणी घातलं नाही. धाकट्या भावानं घातलं.

आमचा गोठा सुंदर झाला होता, हे मी नाकारणार नाही. नारळाच्या सोडणांचे डोंगर, पेंढ्याचं छप्पर, पांढऱ्या शिंपल्यांच्या मेंढ्या. बांबूच्या कामट्यांची चांदणी बांधून तिला बाबांची लाल पत्रकं खळीनं चिकटवली. चांदणीत दिवा नव्हता, कारण किनाऱ्यावर उजेड दिसू द्यायचा नाही असा सरकारी हुकूम होता. तांदळाच्या पिठात थोडा मैदा आणि ताजी ताडी घालून आईनं पीठ फुगवलं आणि त्याचे गोळे तेलात तळले. त्या फुग्या आम्ही गुळाच्या पाकात बुडवून खाल्ल्या. पुस्तिकेत त्यांचा पत्ता नव्हता. गोठ्याभोवती मात्र आमचं बी टरारून उगवलं होतं, वीतभर, हिरवंगार. भाऊ दिवसातून दहा वेळा त्यावरून तळहात फिरवायचा.

परीक्षणाच्या दिवशी बाई आल्या. तेच हातमोजे. त्यांनी आमचा गोठा वाकून पाहिला.

"शेत छान आहे हं. पण बर्फ कुठे आहे?"

"बर्फ कोळीवाड्यात हाय, बाई," भाऊ म्हणाला. "पापलेटांच्या खाली."

दारात जमलेले सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या घरी गेल्या.

डबा मिळाला गल्लीच्या टोकाच्या घराला. त्यांच्या गोठ्यावर बर्फ होता. भरपूर, जरा पिवळट. घरातली एकुलती गादी उसवून तो काढलेला होता. त्या घरची पोरं उरलेली थंडी चटईवर कुडकुडत झोपली. आमच्या गावात बर्फानं थंडी वाजलेली तीच पहिली मुलं. बाईंनी त्या कापसाला बोटानं हलकेच स्पर्श केला आणि म्हणाल्या, "किती खरा वाटतो!" त्यांनी तरी खरा कुठे पाहिला होता? बिस्किटांच्या डब्यावर, जास्तीत जास्त. त्याच्या झाकणावर बर्फातलं घर रंगवलेलं होतं.

जानेवारीच्या सुरुवातीला, तीन राजांच्या सणाला गोठे मोडतात. काकीनं आपल्या दोन्ही पराती अंगणात उपड्या केल्या आणि कोंबड्या तुटून पडल्या. गावभर तेच चाललं होतं. पुढच्या वर्षीची खाचरं कोंबड्यांच्या पोटात जात होती आणि लोक कौतुकानं बघत होते. आई आमची परात घेऊन अंगणात उभी राहिली. तिच्या पायांशी कोंबड्या गोळा झाल्या. ती परात उपडी करेना.

मी तोंड सोडलं. सगळं बोलले. बी, बक्षीस, बाई, काकी, कोंबड्या.

"बोलत ऱ्हा," आई म्हणाली. "बोलता बोलता ती कुदळ उचल."

विहिरीमागे आमचा मुळ्याचा वाफा होता. तिथली माती ओली आणि पाणी गोडं. आईनं मुळे उपटले, चिखल केला आणि परातीतली रोपं एकेक सोडवून लावली. मी, भाऊ आणि ती. जानेवारीत भातलावणी! जाणारे-येणारे थांबून विचारत होते, "काय गो, पाऊस सांगून आलाय काय?" आई मान वर करत नव्हती.

मार्च-एप्रिलमध्ये सगळीकडे पिवळं पडलेलं आणि आमचा तेवढा वाफा हिरवा. कणसं भरायला लागली तशा साऱ्या गावच्या चिमण्या तिथे आल्या. भाऊ राखणीला बसायचा. वाजवायला त्यानं टोकाच्या घरातून रिकामा डबा मागून आणला, तोच बर्फातल्या घराचा. बिस्किटं नाताळाच्या आठवड्यातच संपली होती. त्या बक्षिसाचा गावाला झालेला उपयोग एवढाच.

पावसाच्या तोंडावर, गेलेलं बी आमच्या कणगीत परत आलं होतं. काठोकाठ नाही, पण आमच्या खाचराला पुरून थोडं वर राहील इतकं. काकी सूप घेऊन दारात आली. रिकामं सूप पुढे धरून उभी राहिली.

"दोन परातींचं शेत होतं ना गो तुझं?" आईनं विचारलं.

"त्याची अंडी झाली," काकी म्हणाली.

आई हसली आणि वरचं होतं ते तिच्या सुपात ओतलं. पण सगळ्यांना पुरेल इतकं कुठून आणणार? खाडीकाठची कितीतरी खाचरं त्या वर्षी पडीक राहिली. काहींनी राई गावाहून, घोडबंदरच्या बाजूनं बी मागून आणलं, काहींना मिळालंच नाही. पावसानंतर त्या मोकळ्या खाचरांत मीठ फुललं. पांढरं, भुरभुरीत, उन्हात चमकणारं. बाईंना हवा असलेला बर्फ त्यांना तिथे पाहता आला असता. त्या आल्या नाहीत.

आता युद्ध संपलं आहे, थंडी पुन्हा पडली आहे, आणि तीच पुस्तिका पुन्हा वाटली जाते आहे. या वेळी मुखपृष्ठ रंगीत आहे. केक, टोपी, कापूस, सगळं जसंच्या तसं. तांदूळसुद्धा. इतक्या वर्षांत त्यांच्यापैकी एकानंही परातीत चार दाणे टाकून पाहिलेले नाहीत.

म्हणून तुम्हांला सांगते आहे. गादीतला कापूस गादीत राहू द्या, पोरांना त्याची गरज आहे. कणगीचं लिंपण फोडू नका. गोठ्यापुढे शेत करायचंच असेल तर बशीभर करा, आणि तीन राजांचा सण झाला की ती रोपं कोंबड्यांपुढे टाकू नका. विहिरीकाठी हातभर चिखल करा, मुलांना हाताशी घ्या आणि रोपं लावा. चिमण्या येतील. तेव्हा वाजवायला एखादा रिकामा डबा पोरांच्या हातात द्या.