बोटभर माया

आमच्या थोरल्या जाऊबाईंना कुणी ‘बिचारी’ म्हटलेलं चालत नाही. भाऊजी गेले त्यानंतर समोरची शेजारीण तोंड पाडून भेटायला आली आणि बिचारी-बिचारी करत बसली. जाऊबाईंनी तिला उभं केलं, कमरेला टेप लावली, गेल्या खेपेपेक्षा दोन बोटं वाढलीय असं सांगितलं आणि आता बिचारं कोण ते तुम्हीच ठरवा म्हणून वाटेला लावलं. शेजारीण पुन्हा काही आली नाही. तिच्या पँटी मात्र येतात, कारण या गल्लीत दुसरं कुणी अल्टरेशन करत नाही.

जाऊबाईंचं दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. एक मशीन, एक इस्त्री, भिंतीवरच्या खिळ्यांना लोंबणाऱ्या लोकांच्या पँटी आणि खाली चिंध्यांचा ढीग. नवं काही त्या शिवत नाहीत. उसवतात, आखूड करतात, चेन बदलतात, कंबर सैल करून देतात. कुणाचं पोट सुटलं, कोण वाळलं, कुणी मुलाखतीसाठी भावाचा कोट आत घेतला, सगळ्या खबरा आधी त्यांच्याकडे येतात. मी धाकटी जाऊ, दातांच्या दवाखान्यात फोन उचलते. लोकांचे दात मला ठाऊक, पोटं त्यांना. आख्ख्या वस्तीची अब्रू आम्ही दोघींनी अशी वाटून घेतलेली आहे.

तर झालं असं, की सासूबाईंना ऐंशी पूर्ण व्हायला आली होती. आमच्या ह्यांनी विचारलं, आई, तुला वाढदिवसाला काय हवं. ह्यांना वाटलं, ती काही नको म्हणेल, आपण सुटू. सासूबाईंनी कपाटावरची जुनी बॅग खाली काढायला लावली. आत फोटोच फोटो, एकमेकांना चिकटलेले, काहींना वाळवीनं चाखून सोडलेलं. म्हणाल्या, याचं नीट पुस्तक करा. मी मेल्यावर यातल्या निम्म्या माणसांना तुम्ही परके समजून फेकून द्याल, तेव्हा जिवंत आहे तोवर विचारून घ्या. मग जाऊबाईंकडे न बघता, म्हणजे अगदी ठरवून न बघता, त्यांनी अट घातली. पुस्तकात सगळे असले पाहिजेत.

सगळे म्हणजे कोण, ते सगळ्यांना कळलं. आमचे हे मोबाइलमध्ये शिरले. मी चिकटलेले फोटो सोडवायला घेतले.

सगळे म्हणजे वन्सं. या घरातली थोरली लेक, भाऊजींची आणि आमच्या ह्यांची मोठी बहीण. बसने तासाभरावर राहतात. भाऊजी दोन महिने हॉस्पिटलात होते आणि त्या दोन महिन्यांत वन्सं एकदाही फिरकल्या नाहीत. फोन करायच्या, तोही मला, आणि “बरा आहे ना?” हे अशा सुरात विचारायच्या की हो म्हणण्यावाचून इलाज नसायचा. भाऊजी गेले त्या दिवशी घरी आल्या, दारात उभ्या राहिल्या आणि पाणीसुद्धा न पिता गेल्या. तेव्हापासून जाऊबाईंनी त्यांच्याशी बोलणं टाकलं, त्याला तीन वर्षं झाली. आता वन्सं आईला भेटायला येतात त्या मंगळवारी, कारण मंगळवारी जाऊबाई दोरे आणि चेनी आणायला बाजारात जातात. सख्ख्या लेकीनं आईला भेटायचं, ते भावजयीचा बाजाराचा दिवस बघून. सासूबाईंचा यात जीव जात होता. एकदा या दोघींना एका खोलीत बघायचं आणि मग खुशाल डोळे मिटायचे, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

पुस्तकाचं काम जाऊबाईंनी अंगावर घेतलं, अटीबद्दल हू की चू न करता. तिथंच मला शंका यायला हवी होती. मी त्यांना स्क्रॅपबुकचा ऑनलाइन क्लास लावून दिला, दर शनिवारी दुपारी. मोबाइल मशीनला टेकवून ठेवायचा आणि पँटी बाजूला सारून कागद पसरायचे. शिकवणाऱ्या बाई फार गोड बोलायच्या, इतकं गोड की आमच्या दवाखान्याची भरभराट व्हावी. आठवणींना श्वास घेऊ द्या, म्हणायच्या. पानाला बोलू द्या, म्हणायच्या. पान बोलायला लागलं तर हिचं कोण ऐकणार, असं जाऊबाई मला विचारायच्या.

पण त्यांचा हात बसला. बाई लेअरिंग म्हणायच्या, जाऊबाई त्याला ठिगळावर ठिगळ म्हणायच्या आणि बाकीचा वर्ग गोंदाची बाटली उघडेपर्यंत यांनी पानाला मशीनवर टीप मारलेली असायची. बाईंनी ते पान सगळ्यांना दाखवलं. वर्गात एक निवृत्त हेडमास्तर होते, स्वतःच्याच सत्कारांचं स्क्रॅपबुक करत होते. मलाही असं शिवून द्या, म्हणाले. जाऊबाईंनी मोबाइलचा आवाज बंद केला.

फोटोखाली काही तरी लिहायचं असतं, त्याला जर्नलिंग म्हणतात. बाईंनी सांगितलं होतं, मनातलं लिहा. जाऊबाई संध्याकाळी सासूबाईंकडे बसून कोण कुठला ते विचारून घ्यायच्या आणि मनातलं लिहायच्या. ‘सासरे. हसत नाहीत, कारण कोट घट्ट आहे.’ ‘दीर, वय चार. बोट नाकातून फोटोपुरतं बाहेर.’ आमचे हे यावर दोन दिवस फुगून बसले. सासूबाई मात्र तोंडाला पदर लावून खुदुखुदू हसायच्या.

मग क्रॉपिंगचा शनिवार आला आणि मी नेमकी दवाखान्यात. बाईंनी सांगितलं, फोटो क्रॉप करा, महत्त्वाचं तेवढं ठेवा, नको ते काढून टाका. बाकीच्या वर्गानं आपापल्या मोबाइलवर काय ते केलं आणि छापून आणलं. जाऊबाईंचा जन्म नको ते काढून टाकण्यात गेलेला. त्यांनी मोठी कात्री घेतली आणि मूळ फोटोंतून वन्संना काढून टाकलं. फ्रॉकमधल्या वन्सं, दोन वेण्यांच्या वन्सं, कॉलेजातल्या वन्सं, सगळ्या.

मी संध्याकाळी येऊन बघते तर आख्ख्या कुटुंबाला भोकं. एका फोटोत वर्षभराचे भाऊजी हवेत तरंगत होते, कारण ज्या कडेवर बसले होते ती कडच कात्रीनं नेली होती. तुकडे कुठायत विचारलं, तर चिंध्यांबरोबर कचऱ्याच्या गाडीत गेले. मी कपाळावर हात मारला. या फोटोंच्या दुसऱ्या प्रती नाहीत हे मी सांगितलं, सासूबाईंनी काय अट घातली होती तेही सांगितलं. जाऊबाई शांतपणे कागद गोळा करत होत्या.

“तिनं स्वतःला आधीच काढून घेतलं होतं,” त्या म्हणाल्या. “मी फक्त कडेनं कापलं.”

एकच भानगड झाली होती. शिवताना शिलाईच्या आत थोडं जास्तीचं कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. उद्या माणूस जाड झाला तर उसवून सैल करता यावं म्हणून. जाऊबाईंच्या कात्रीला माया सोडायची इतकी सवय, की सासूबाईंच्या कडेनंही त्यांनी बोटभर माया सोडूनच कापलं. आणि वन्सं तर बहुतेक फोटोंत आईच्या खांद्यावर हात टाकून उभ्या. वन्सं गेल्या, हात राहिला. पानापानावर सासूबाईंच्या खांद्यावर एक सुटा हात, मोठेपणीच्या फोटोंत मनगटावर वन्संचं नेहमीचं रुंद पट्ट्याचं पुरुषी घड्याळसुद्धा. बघून अंगावर काटाच येईल कुणाच्याही. जाऊबाईंनी त्यावर तोडगा काढला आणि प्रत्येक हातावर एकेक कागदी फूल डकवलं. पुढच्या शनिवारी बाईंनी ते पाहिलं आणि आईच्या खांद्यावर फूल, किती हळवी कल्पना, म्हणून डोळे टिपले.

मी आमच्या ह्यांच्या कानावर घातलं. हे म्हणाले, बायकांच्या भांडणात आपण पडू नये. ह्यांची पडायची जागा ठरलेली आहे, ती म्हणजे सोफा.

वाढदिवस रविवारी होता. सासूबाईंनी स्वतः वन्संना फोन केला आणि मंगळवारी नाही, रविवारी ये, असं ठासून सांगितलं. जाऊबाई म्हणाल्या, मला रविवारी कामं आहेत. त्यावर सासूबाई म्हणाल्या, पुस्तक तू केलंस, दाखवायचंही तूच. झालं. रविवारी दुपारी टेबलावर केक आणि खुर्चीच्या टोकाला वन्सं, मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून, आपल्याच माहेरी पाहुण्यासारख्या. जाऊबाई दाराला टेकून उभ्या, गळ्यात टेप तशीच. आमचे हे एकदा इकडे बघत होते, एकदा तिकडे.

सासूबाईंनी चष्मा लावला आणि पानं उलटायला घेतली. घट्ट कोटापाशी हसल्या. मग त्यांचा हात हळू झाला. वन्सं बाजूनं बघत होत्या, त्यांना आईच्या आधी कळलं. त्यांनी पर्सची चेन उघडली, बंद केली, पुन्हा उघडली.

सासूबाईंनी एका फुलावर बोट ठेवलं आणि विचारलं, मी जन्मात कधी खांद्यावर फूल लावून हिंडले का. मग त्यांनी नखानं ते फूल खरवडलं. खालून हात निघाला. दुसरं फूल काढलं, दुसरा हात निघाला. अशी एकेक करून त्यांनी सगळी फुलं उपटली आणि टेबलावर ठेवली.

“सगळीकडून काढलीस,” त्या जाऊबाईंना म्हणाल्या. “माझ्या अंगावरून तेवढी निघाली नाही तुला.”

आता इथं कायमचं फाटणार, असं मला वाटलं. तेवढ्यात वन्सं बोलल्या. आईशी नाही, जाऊबाईंशी.

“काढलंस ते बरोबर केलंस. मी यायला हवं होतं. मला त्याला तसं बघवत नव्हतं गं. दोनदा बसमध्ये बसले आणि अर्ध्या वाटेत उतरले.”

जाऊबाईंचा आवाज चढणार म्हणून मी तयारीत होते. तो उलट खाली आला.

“मला तरी कुठं बघवत होतं, वन्सं? मला कुणी विचारलं का? हॉस्पिटलातही अंगात घरचेच शर्ट, आरशात ढगळ दिसले की ते खचायचे, म्हणून मी दर आठवड्याला त्यांचे शर्ट आत घेत होते. सगळी माया आत ठेवत होते, आज ना उद्या अंग धरतील, मग उसवून देता येईल म्हणून. शेवटी ती शिलाई त्यांना टोचायला लागली आणि मी माया कापून टाकली. त्या दिवशी मला कळलं, आता संपलं. हे मी कुणाला सांगायचं होतं? या म्हातारीला? तुम्ही हव्या होतात मला.”

सासूबाई रडल्या, आमचे हे रडले, मीही रडले. वन्सं रडल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, ते कापलेलं कापड आहे का अजून.

जाऊबाई दुकानात गेल्या आणि बटणांच्या डब्याखालून एक पिशवी घेऊन आल्या. आत शर्टांच्या पट्ट्या होत्या, निळ्या रेघांच्या, पांढऱ्या, तपकिरी चौकटीच्या. बोटभर नव्हेत, चांगल्या चार-चार बोटं रुंद. प्रत्येक पट्टीवर जुन्या शिलाईच्या भोकांच्या रांगा होत्या, एकीपुढे एक, जितक्या वेळा आत घेतलं तितक्या. वन्संनी त्यांवरून बोट फिरवलं, पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत, आणि मग त्यांचं बोट तिथंच थांबलं.

पुस्तकात शेवटची पानं कोरी होती. जाऊबाई खाली बसल्या आणि त्यांनी पट्ट्या त्यातल्या एका पानावर डकवल्या, फोटो नाही, फूल नाही, काही नाही. बाईंच्या क्लासात हे पान अजिबात चाललं नसतं. डकवून झाल्यावर खाली काय लिहावं म्हणून त्या पेन हातात घेऊन बसल्या, एरवी इतकी जीभ चालते, तेव्हा मात्र काही सुचेना. वन्संनी पर्स खाली ठेवली, त्यांच्या हातातून पेन घेतलं आणि पट्ट्यांच्या खाली लिहिलं, ‘या दिवसांत मी आले नाही.’ त्याखाली लिहिलं, ‘बहीण.’

जाऊबाईंनी ते वाचलं. मग पुन्हा वाचलं.

“अक्षर अगदीच भिकार आहे तुमचं,” त्या म्हणाल्या. “असू दे. राहू दे तसंच.”

गोंद ओला होता, त्यामुळे पुस्तक मिटता येईना. दोघी शेजारी बसून त्या पानावर फुंकर घालत राहिल्या. सासूबाईंनी मध्ये येणारा केक हातानं बाजूला सारला आणि दोघींना बघून घेतलं.