आकाशाच्या पुस्तकांची वसूबाय

वसूबाय गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोरगावच्या घरी, अंगणात काजूच्या बिया उन्हात पसरत होते. फोन सुलभाचा, तिच्या धाकट्या भावाच्या बायकोचा. "वसूबाय गेली गो... सकाळीच," एवढंच ती बोलली. पोटाच्या कर्करोगाने तिला कित्येक महिने अंथरुणाला खिळवलं होतं, त्यामुळे आपल्या मनाची तयारी झाली आहे असं मी धरून चालले होते. तशी काही तयारी नसते, हे बिया तशाच टाकून बसमध्ये बसल्यावर कळलं. पेडणे, म्हापसा, डिचोली... बसा बदलत मयेला पोचले तोवर तिला नेलं होतं. सुलभा अंगण धूत होती. मला पाहून तिने बादली खाली ठेवली, आणि आम्ही दोघी ओल्या अंगणातच उभ्या राहिलो.

वसुधा माझी बालमैत्रीण. मयेला आमची घरं लागून. लग्न करून मी कोरगावला गेले, तिने लग्न केलं नाही. डिचोलीजवळच्या एका वाचनालयात ती मुलांचा विभाग सांभाळायची. आमच्यापेक्षा मोठी नसूनही सगळे तिला वसूबाय म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. त्या विभागात गोष्टींची, प्राण्यांची, विज्ञानाची अशी पुष्कळ पुस्तकं होती. पण पंचक्रोशीत तिची ओळख होती ती आकाशाच्या पुस्तकांसाठी. "मुलाला ग्रहताऱ्यांचं वेड लागलंय, काय आणू?" असं विचारायला साखळी गावाकडची माणसंही तिच्याकडे येत. आई-बाप जाडजूड, गुळगुळीत कागदाचा कोश हातात घेऊन "हा चांगला ना?" विचारत. ती तो शांतपणे बाजूला ठेवायची आणि मुलाकडे वळायची. "तुला काळोखाचं भय वाटतं?" हा तिचा पहिला प्रश्न. आई-बाप हसत, मूल मात्र खरं उत्तर देई. भिणाऱ्या मुलाला ती चंद्राचं पुस्तक द्यायची, मोठ्या चित्रांचं, थोड्या शब्दांचं. न भिणाऱ्याला कृष्णविवरापर्यंत जाऊ द्यायची.

प्रत्येक पुस्तक ती आधी स्वतः वाचत असे. चंद्रकोरीच्या दोन टोकांच्या मध्ये चांदणी काढलेली दिसली की ते पुस्तक बाद. "तिथं चंद्रच असतो गो, फक्त अंधारातला. चांदणी काय चंद्राच्या पोटातून दिसणार?" ग्रहांना नाक-डोळे काढलेली पुस्तकंही तिला नको असत. तिची कसोटी एकच होती... पुस्तक मिटल्यावर मूल अंगणात गेलं पाहिजे. मुलांनी बाहेर जाऊन वर पाहिलं का, हे ती पुस्तक परत घेताना हमखास विचारायची. अलीकडे ती त्यामुळेच खिन्न व्हायची. पूर्वी सुट्टीत ती माझ्याकडे कोरगावला यायची ती आकाशासाठी. जेवणाआधी आम्ही खळ्यात चटई टाकायचो आणि ती माझ्या मुलांना व्याध, मृग, कृत्तिका दाखवायची. मग विमानतळ आला, हॉटेलं आली, आणि आमच्याही आभाळाला तांबूस कड लागली. शेवटच्या खेपेला बराच वेळ वर पाहून ती म्हणाली, "पुस्तकात लिहिलंय तेवढं आता दिसत नाही. मुलं मला खोटारडी म्हणतील."

खोटं हा शब्द तिला फार जड वाटायचा. का, ते मला ठाऊक होतं.

आम्ही प्राथमिक शाळेत असताना तिचा मोठा भाऊ, जयंतदादा, बंद पडलेल्या एका खाणीच्या खड्ड्यात साठलेल्या पाण्यात बुडाला. पोहायला गेला होता. त्याला बाहेर काढताना आमच्या वाड्यावरची सगळी माणसं काठावर उभी होती, आणि वसू माझा हात धरून होती. पुढे रोज दिवेलागणीला तिची आई तिला मयेच्या तळ्याच्या बाजूला न्यायची आणि पश्चिमेकडची एक ठळक चांदणी दाखवायची. "तो बघ दादा. तुला बघता गो." वसू त्या चांदणीशी बोलायची. शाळेत काय झालं ते सांगायची. काही महिन्यांनी चांदणी खाली खाली सरकली आणि एका संध्याकाळी दिसेनाशीच झाली. आई म्हणाली, ढग असतील. ढग नव्हते. त्यानंतर आमच्या बाईंनी वर्गात एक पातळसं पुस्तक वाचायला दिलं, त्यात वसूला ती चांदणी सापडली. तो शुक्र होता. तिथं शिसं वितळेल इतकी उष्णता असते, असं त्यात लिहिलं होतं. ते वाचून ती वर्गात किंचाळली. दादा तिथं जळतोय, हे ती सांगत राहिली, पण चांदणीचं तिने कुणाला सांगितलंच नव्हतं, त्यामुळे ती कशाने घाबरली आहे ते कुणालाच कळेना... मलाही नाही. कितीतरी दिवस ती संध्याकाळी घराबाहेर पडत नव्हती. तिच्या आईने पुन्हा कधी आभाळाकडे बोट केलं नाही.

हे सांगितल्याशिवाय तनूची गोष्ट कळणार नाही. तनू वाचनालयात येणारी मुलगी. सावंतवाडीकडचं कुटुंब, बाप खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर. एका अपघातात तो गेला. थोड्या दिवसांनी तनू एकटीच वाचनालयात आली आणि म्हणाली, "बाय, सगळ्या चांदण्यांची नावं असलेलं पुस्तक दे. माझा बाबा खंयचो ता बघूचा आसा." आपला बाबा त्यातली कुठली चांदणी झाला ते तिला शोधायचं होतं, असं वसूबायने मला नंतर सांगितलं. तसं पुस्तक कपाटात होतं, छान होतं, तिनेच निवडलेलं. ती तनूला जनेलापाशी, उजेडात घेऊन बसली आणि हळू आवाजात सगळं खरं सांगून टाकलं. तारे म्हणजे काय, ते किती लांब असतात, माणूस तिथं जात नाही. स्वतःच्या दादाचंही सांगितलं. तनू उठली. पुस्तक न घेता गेली.

दुसऱ्या दिवशी तिची आजी आली. वाचनालयात माणसं होती. आजी दारातूनच ओरडली, "माझ्या नातीक काय सांगितलंस गो तू? रडान रडान ताप इलो तिका. बापूस तर गेलोच, आता चांदणीय काढून घेतलंस?"

वसूबाय उभी राहिली. "आजी, मी तिला फसवू शकत नव्हते," म्हणाली.

"फसवूक कोणी सांगितलां? गप ऱ्हवाक येत नव्हतां?"

आजी गेल्यावरही ती तशीच उभी होती, असं तिथल्या चिटणीसांनी मला सांगितलं. तनू परत आली नाही. पुढे खाणी बंद पडल्या, ट्रक उभे राहिले, आणि ते कुटुंब गावी निघून गेलं. गावाचं नाव कुणालाच नीट माहीत नव्हतं. वसूबायने चौकशी केली, डिचोलीत ट्रकवाल्यांना विचारलं, एकदा सावंतवाडीच्या वाटेवर बांद्यापर्यंत जाऊन आली. रिकाम्या हाताने. मधले कितीतरी महिने तिने कुणालाही आकाशाचं पुस्तक सुचवलं नाही. मुलं मागत, ती "कपाटातलं बघून घे" म्हणे. नंतर ती पुन्हा सुचवू लागली, पण तिची रीत बदलली. ज्याच्या घरात कुणी वारलंय असं मूल आलं की ती काही समजावत नसे. पुस्तक उघडून त्याच्याशेजारी बसायची आणि ते विचारील तेवढंच बोलायची. काही मुलं काहीच विचारत नसत. ती तशीच बसून राहायची, वाचनालय बंद करायची वेळ होईपर्यंत.

आमची शेवटची भेट तिच्या खोलीत झाली. दुपार होती. ती अगदी हलकी झाली होती, उशीत तिचं डोकं रुतत नव्हतं. मी पेज भरवत होते, दोन चमच्यांनंतर तिने मान वळवली. "खरं सांग गो," ती म्हणाली, "तनूचं माझं चुकलं?"

मी म्हटलं, "तू खरं तेच सांगितलंस."

"ते मला माहीत आहे..." तिने पेजेची वाटी हाताने दूर सारली. "मला वाटलं, आज ना उद्या तिच्या हातात खरं सांगणारं एखादं पुस्तक पडणारच. तेव्हा ती एकटी असेल. माझ्यासारखी. म्हणून मी घाई केली. पण ती एकटीच पडली ना गो शेवटी?"

मी तिचा हात धरला. नाही म्हणावंसं वाटत होतं, पण तिच्यासमोर धीर देण्यापुरतं काही बोलणं मला जमेना. ती माझ्याकडे पाहत राहिली, मग थकून तिने डोळे मिटले. निघताना मी पुन्हा येते म्हटलं. तिने मान हलवली. त्यानंतर आला तो सुलभाचाच फोन.

गेल्या आठवड्यात चिटणीसांनी मला बोलावून घेतलं. तिची स्वतःची काही पुस्तकं तिथं होती, ती वेगळी करायची होती. मी कपाटापाशी बसून एकेक चाळत होते, तेवढ्यात एक मुलगी आत आली, शाळेच्या गणवेशात. वसूबायच्या रिकाम्या खुर्चीकडे तिने पाहिलं, मग माझ्याकडे. तिला शनीच्या कड्यांचं पुस्तक हवं होतं. मला दोन सापडली. मी दोन्ही उघडून पाहिली, चित्रं पाहिली, मजकूर वाचला. यातलं हिच्यासाठी कुठलं, ते मला काही केल्या ठरवता येईना. शेवटी म्हटलं, "दोन्ही ने बाय. आवडेल ते वाच."

तिने दोन्ही पुस्तकं हातात घेतली, पण ती हलली नाही.

"वसूबाय एकच द्यायची," ती म्हणाली.