मिक्सरच्या पोटात

जयमालानं दुसऱ्याच्या घरची चटणी खाणं सोडलं, त्याला सात वर्षं झाली होती. लग्न असो, बारसं असो, वाढपी चटणीचं पातेलं घेऊन समोर आला की ती ताटावर हात आडवा धरायची. "पोटाला सोसत न्हाई," एवढंच म्हणायची. खरं कारण सांगितलं असतं तर पंगतीतल्या आणखी चार बायका ताटावरून उठल्या असत्या.

राहुरीत एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत तिचं मिक्सर दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान मुळात नवऱ्याचं, हनुमंताचं. पण मोटरसायकलवरून पडून त्याचं उजवं मनगट मोडलं आणि ते काही नीट सांधलं नाही. पेचकस धरला की हात थरथरायचा. मग तो शेजारी बसून सांगायचा आणि जयमाला करायची. असं करता करता वर्षभरात तिला नवी तार गुंडाळून मोटर बांधण्यापासून सगळं यायला लागलं. आता नगरला जाऊन सामान आणायचं आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं काम हनुमंताकडं. मिक्सर उघडायचा जयमालानंच.

आणि उघडला की मळमळायचं. सात वर्षं झाली तरी त्याची सवय झाली नव्हती. बायका मिक्सर आणायच्या तेव्हा वरून पुसून लख्ख करून आणायच्या. तो उलटा करून खालचे चार स्क्रू काढले की आतून झुरळं सैरावैरा पळायची, एखादं तिच्या मनगटावरून वर चढायचं. तारांच्या गुंडाळ्यांवर तेलकट पिवळा थर, त्यात अडकलेल्या झुरळांच्या लेंड्या आणि अंडी. एकदा तर मोटरीला चिकटून वाळलेली अख्खी पाल निघाली होती. पण तिला सगळ्यात जास्त किळस यायची ती भांड्याच्या पात्याखालच्या रबराची. ते चिमट्यानं उचललं की खाली काळा, बुळबुळीत लगदा. लसूण, खोबरं, शेंगदाणे, कोथिंबीर, महिनोन्महिने तिथंच कुजत बसलेलं. वास असा, की मेलेला उंदीर बरा.

"ह्याच्यातच रोज वाटत्यात, आन वर पाव्हण्याला आग्रह करत्यात," ती शेजारच्या लंकाबाईला सांगायची. लंकाबाई दुकानाच्या पायरीला लागून भाजी विकायची. कुणाच्या मिक्सरमधून आज काय निघालं हे तिला रोज संध्याकाळी नावानिशी ऐकायला मिळायचं. दोघी मिळून नाकं मुरडायच्या. मास्तरीणबाई असो नाहीतर वकिलाची बायको, जयमालाच्या लेखी सगळ्या सारख्याच घाणेरड्या.

तिची मुलगी निकिता बारावीत होती. चेहऱ्यावर मुरमं, त्यामुळं कायम आरशापुढं. ती मोबाईलवर एका रुपालीताईचे व्हिडिओ बघायची. ही रुपाली राहुरीचीच, कॉलनीत राहणारी. दोरी ओढली की कांदा चिरणारं यंत्र, फ्रिजमधल्या वाट्यांना बसणारी रबरी झाकणं, तांदळाच्या पाण्यानं केस कसे धुवायचे, घरच्या डाळीदह्याचा फेस पॅक, असलं स्वस्तातलं आणि सोपं ती दाखवायची. पाठीमागं चकचकीत ओटा, कुंडीत मनीप्लँट.

"एवढं चकचकीत दिसतंय म्हंजी नक्की आतून सडलेलं असनार," जयमाला म्हणायची.

"आई, तुला सगळीकडं घाणच दिसते," निकिता वैतागायची.

ऑगस्टात एका सकाळी निकिता तोंडावर ओढणी घेऊनच मोरीपाशी आली. जयमालानं ओढणी ओढली आणि ती दचकून मागं सरकली. दोन्ही गाल सुजून लाल झाले होते. त्यावर पिवळ्या तोंडाचे फोड आले होते आणि एक फुटून हनुवटीपर्यंत ओघळला होता. पोटच्या पोरीचं तोंड, पण जयमालाच्या घशाशी आलं. कोमट पाण्याचा बोळा फिरवताना तिनं श्वास रोखून धरला होता, आणि ते निकिताला कळलं.

"काय लावलं हुतं तोंडाला?"

"रुपालीताईंचा पॅक," निकिता रडत म्हणाली.

खिडकीत क्रीमची एक जुनी डबी होती. जयमालानं झाकण उघडलं. आत मातकट लगदा, वर पांढरी लव धरलेली. आंबट दही आणि त्याखाली दुसराच एक वास, तिच्या रोजच्या ओळखीचा. तिनं डबी तशीच उकिरड्यावर भिरकावली. डॉक्टरांनी गोळ्या आणि मलम दिलं. "शिळं किंवा घाण भांड्यातलं काहीतरी लावलेलं दिसतंय. आता तोंडाला फक्त पाणी आणि हे मलम," ते म्हणाले.

तीन दिवसांनी बाजाराचा वार होता. गल्ली बायकांनी गजबजलेली, दुकानापुढं पाच-सहा जणी मिक्सर घेऊन उभ्या. तेवढ्यात स्कूटीवरून एक तरुण बाई उतरली. जयमालानं तिला लगेच ओळखलं. व्हिडिओतली रुपालीच.

"मावशी, मिक्सर चालता चालता बंदच पडला बघा. जळका वास येतोय. आज मिळेल का?"

"मिळंल की," जयमाला म्हणाली. "थांबा तुमी हितंच. तुमच्यासमोरच उघडते."

हनुमंतानं तिच्याकडं चमकून पाहिलं. नंबर दुसरीचा होता. पण जयमालानं रुपालीचा मिक्सर पुढं ओढला, फळीवर उलटा केला आणि स्क्रू काढले. झुरळं निघाली, चार-पाचच. मोटरीवर डोशाच्या पिठाचं खरकटं सांडून वाळलं होतं. एवढ्यावर तिचं समाधान होईना. तिनं भांडं मागून घेतलं, पातं फिरवून काढलं आणि चिमट्यानं रबर उचललं. खाली काळा थर होताच. त्यात दोन पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या.

जयमालानं ते रबर चिमट्यात धरून सगळ्यांना दिसेल असं वर केलं.

"बघा गं बायांनो! ह्या रुपालीताई. मोबाईलवर सगळ्या जगाला शिकवत्यात. आन ह्याच्यात वाटून लोकांच्या पोरीबाळींना तोंडाला लावायला देत्यात. माझ्या पोरीचं तोंड सडवलं हिनं!"

"मी? मावशी, मी कुणाला काही देत नाही, मी विकतही नाही," रुपाली म्हणाली. पण बायकांचा एकच गलका झाला होता. कुणी "शी!" म्हणून थुंकली, कुणी पदर नाकाला लावला. लंकाबाई टोपली सोडून बघायला आली. हळदीच्या रंगाच्या साडीतल्या एका बाईनं मोबाईल वर धरला. जयमालानं मुद्दाम रबर त्या मोबाईलजवळ नेलं. रुपाली त्या अळ्यांकडं बघत राहिली, तिचा चेहरा पांढरा पडला. मग मिक्सर तिथंच टाकून ती स्कूटीवर बसली. गर्दीतून वाट काढताना तिची स्कूटी दोनदा बंद पडली आणि दोन्ही वेळा बायका हसल्या.

संध्याकाळी जयमाला ताठ मानेनं घरी आली. निकिता दारातच उभी होती, हातात मोबाईल. व्हिडिओ तिच्या कॉलेजच्या ग्रुपवर येऊन पोचला होता.

"आई, काय केलंस तू हे?"

"तुझ्यासाठीच केलं. तिचा पॅक लावून..."

"तिच्याकडून कुठं घेतला होता मी? ती फक्त कसा बनवायचा ते दाखवते. मी घरी बनवला. आपल्या मिक्सरमध्ये."

जयमाला चपला काढत होती, ती तशीच थांबली.

"आणि तिनं सांगितलं होतं," निकिता हुंदके देत म्हणाली, "भांडं गरम पाण्यानं धुऊन घ्या, उरलेलं ठेवू नका. मी आठ दिवस ठेवला. चूक माझी होती, आई. तू विचारलंस तरी का मला?"

घरातला मिक्सर ओट्याच्या कोपऱ्यात होता, लग्नातला. जयमालानं तो शेवटचा कधी उघडला हे तिला आठवेना. रोज दुसऱ्यांचे सहा-सात उघडायची, घरी आल्यावर त्या वस्तूकडं बघायचीही इच्छा नसायची. तिनं तो मागच्या पायरीवर नेला, भांड्याचं पातं काढलं आणि रबराखाली चिमटा घातला.

रबर निघालं नाही. ते भांड्याशी एकजीव झालं होतं. जोर लावला तेव्हा त्याचा तुकडा पडला आणि आतून हिरवट पाणी तिच्या बोटांवर आलं. सकाळचाच शेंगदाण्याचा कूट वरच्या थराला चिकटलेला होता, अजून ओला. सकाळी तिनं ह्याच्यातच चटणी वाटली होती. स्वतः दोन भाकरींबरोबर खाल्ली होती, हनुमंताला डब्यात दिली होती. तोच वास, डबीतला. तो तिनं ओळखला होता आणि तरी तिला तो परका वाटला होता.

ती मोरीकडं धावली. पोटात होतं नव्हतं ते सगळं पडलं, तरी उमासे थांबेनात. हनुमंतानं डाव्या हातानं तिचं कपाळ धरलं.

"मी म्हनत हुतो, चटनीला वास येतोय," तो हळूच म्हणाला. "तू म्हनलीस, लसून जुना हाय."

हात तिनं साबणानं तीनदा धुतले, मग राखेनं, मग पुन्हा साबणानं. नखांतला वास गेला नाही. निकिताला जवळ घ्यायला गेली तर पोरगी मागं सरली. "हात लावू नको," ती म्हणाली. फोड दुखतात म्हणून म्हणाली की आणखी कशानं, हे विचारायचं जयमालाला धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं रुपालीची मोटर बांधली, रबर नवं बसवलं, भांडं उकळत्या पाण्यातून काढलं आणि मिक्सर घेऊन स्वतः कॉलनीत गेली. दार रुपालीच्या नवऱ्यानं, संदीपनं उघडलं. त्यानं मिक्सर हातात घेतला नाही.

"तिथंच ठेवा," तो म्हणाला. "तिला काय काय लिहितायत लोक, वाचवत नाही. माझ्या आईनं फोन करून विचारलं, दिवाळीला तुम्ही आम्हाला ह्याच्यातलंच खायला घातलं का."

आतून रुपाली आली. केस विंचरलेले नव्हते, डोळे सुजलेले.

"रुपालीताई, माझं चुकलं," जयमाला म्हणाली. "पोरीनं आमच्याच मिक्सरमधी वाटलं हुतं. आमचा तुमच्यापरीस घान निघाला."

"हे तुम्ही गल्लीत सांगितलं का?"

"न्हाई."

"मग इथं दारात येऊन मला सांगून काय उपयोग, मावशी?" रुपालीचा आवाज चढला नाही. "अळ्या माझ्याच मिक्सरमध्ये होत्या, ते काही खोटं नाही. कालपासून घास गिळवत नाही मला. स्वतःचीच शिसारी येते. पण तुम्ही मला बाजूला घेऊन सांगू शकला असतात."

परत येताना जयमालाला स्वतःच्या वर केलेल्या हाताची, त्या चिमट्याची आणि तेव्हा मनात आलेल्या आनंदाची इतकी घाण वाटली, की कोपऱ्यावर थांबून ती थुंकली.

पुढच्या बाजाराला तिनं घरचं भांडं न धुता पिशवीत घालून आणलं. हनुमंत म्हणाला, "कशाला धंद्याची माती करती?" गर्दी जमली तेव्हा तिनं ते फळीवर ठेवलं. हळदीच्या साडीवाली बाई आजही आली होती. जयमालानं तिला नावानं नाही पण हातानं पुढं बोलावलं.

"काढा मोबाईल. त्या दिवशी काढला तसाच काढा." मग तिनं भांडं तिरपं करून दाखवलं. "हे माझ्या घरचं. पोरीचं तोंड ह्याच्यानं खराब झालं, रुपालीताईमुळं न्हाई. त्यांनी कुनाला काय दिलं नव्हतं. मी खोटं बोलले."

वास पसरला आणि बायका मागं हटल्या. एक म्हणाली, "बाई गं, आन ही आपल्याला नावं ठेवत हुती." दुसरीनं फळीवरून आपला मिक्सर गुपचूप उचलला आणि काखेत मारून निघून गेली. लंकाबाई टोपलीमागून म्हणाली, "जया, झाक ते. माझ्या भाजीला गिऱ्हाईक यायचं न्हाई."

पहिला व्हिडिओ पार शिर्डी-राहात्यापर्यंत गेला होता. हा दुसरा त्या बाईनं काढला खरा, पण पुढं कुणी पाठवला नाही. निकितानं तिच्या ग्रुपवर टाकला, त्यावर दोघी-तिघींनी तोंड वाकडं केल्याची चित्रं टाकली आणि विषय संपला. लोकांना पहिल्याची चव लागली होती. ते बघून जयमालाला त्या अळ्यांपेक्षा जास्त ओकारी आली.

पंधरा-वीस दिवस दुकानात शुकशुकाट होता. मग मिक्सर बिघडतच राहिले आणि बायका परत आल्या, काही नाक वर करून. रुपालीनं दोन महिन्यांनी पुन्हा व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. झाकणं, कांदा चिरायचं यंत्र, डब्यांवर चिकटवायच्या नावांच्या चिठ्ठ्या. वाटायचं काही नाही, तोंडाला लावायचं काही नाही. तिचा मिक्सर बिघडला तर ती म्हणे श्रीरामपूरला नेते. निकिताचे फोड बसले, पण गालांवर काळे डाग होळीपर्यंत राहिले. ती आता आईच्या हातचं सगळं खाते, फक्त आधी ताटाचा वास घेऊन बघते. जयमाला तिला त्यावरून कधी बोलत नाही.